खिडकीतला दुसरा हात

आत्याने टोस्ट चहात न बुडवता खाल्ला, आणि तिथून पुढचं सगळं घडलं. कड्‌ असा आवाज झाला. आत्याने तोंडावर हात धरला, खालची कवळी दोन तुकड्यांत बशीत ठेवली आणि भाचीकडे अशी रागाने बघत राहिली, जसा काही तो टोस्ट भाचीनेच भाजला होता.

"मोठ्या रस्त्यावर एक कवळीवाला आहे म्हणतात," ती रुमालाआडून पुटपुटली. "जा बाई. अशा तोंडाने मला कुणाशी धड भांडताही येणार नाही."

भाचीला सगळे चित्रवाली म्हणत. लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायची ती. चित्रं तिची आणि खालच्या इवल्या-इवल्या ओळीही तिच्याच. दुपारभर मुलांच्या वाचनालयात बसायची आणि अंधारून आलं की मागच्या गल्लीने घरी यायची. मोठ्या रस्त्याच्या वाटेला ती जायची नाही. तिथे गाड्या अंगावर येतात आणि माणसं टक लावून बघतात, असं तिचं म्हणणं. त्यामुळे या भागात राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी कवळीवाल्याचं दुकान तिने पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं होतं. दार ढकलून ती आत गेली तर माणूस कुणी नाही, नुसते दात. फळ्यांवर कवळ्यांच्या रांगा, टेबलावर प्लास्टरचे जबडे, आणि पिवळ्या दिव्याखाली सगळे आ वासून हसत होते. चेहरे नाहीत, फक्त हसू. तिच्या मानेवरून काहीतरी गार सरकत गेलं.

"घाबरू नका, चावत नाहीत," मागून आवाज आला.

ती दचकून वळली. उंच, सडपातळ माणूस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना गुलाबी मेण लागलेलं. तिला बघितलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. ओळखीचं माणूस भलत्या ठिकाणी भेटावं, तसा तो बघत राहिला.

"आज... हिरवी छत्री नाही आणलीत?"

चित्रवालीने नकळत दाराची कडी धरली. हिरवी छत्री होती तिच्याकडे, संध्याकाळी दव पडायचं म्हणून घ्यायची ती. पण ती घरी होती, आणि या माणसाला तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत माझ्याकडे हिरवी छत्री आहे?"

"असंच..." त्याचे कान लाल झाले. "काही माणसांकडे बघूनच कळतं. तुम्ही काळ्या छत्रीतल्या वाटत नाही."

"आणि तुम्ही कवळ्या करणारे वाटत नाही."

"मग कोण वाटतो?"

"चोर," ती म्हणाली आणि रुमालात बांधलेले आत्याचे दात त्याच्या हातात ठेवले.

तो मनापासून हसला. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात जरा वाकडे होते. दुसऱ्यांचं हसू सरळ करणाऱ्या माणसाने स्वतःचं तसंच राहू दिलंय, हे तिला का कोण जाणे, आवडून गेलं.

"उद्या या. पण दुपारीच हं," तो म्हणाला. "संध्याकाळी मी... जरा अडकलेला असतो."

दुकानातून ती वाचनालयात गेली आणि तिथून रोजच्यासारखी मागच्या गल्लीने निघाली. गल्लीच्या मध्यावर तिने मान वर केली. रोज करायची.

वरच्या मजल्यावर एक खिडकी होती. खिडकीत उंच पाठीची खुर्ची, आणि खुर्चीत मोहरी रंगाची शाल डोक्यावरून पांघरलेली एक बाई. दिवा तिच्या मागे असायचा, त्यामुळे तोंड कधीच दिसायचं नाही. इथे राहायला आल्यानंतर, अशाच एका धुक्याच्या संध्याकाळी, बाईने एकदम हात वर केला होता. चित्रवालीने आधी मागे वळून पाहिलं, गल्लीत दुसरं कुणीच नव्हतं. मग भीतभीत तिनेही हात केला. तेव्हापासून तो नेमच झाला होता. बाई कधी उठलेली दिसली नाही, कधी काही करताना दिसली नाही. जणू एवढ्या एका हातासाठीच ती तिथे येऊन बसायची.

"आजारी असेल बिचारी," आत्या म्हणायची. "नाहीतर वेडी असेल. तू पण काय, दिसेल त्याला हात करतेस!"

चित्रवालीने तर तिला नव्या पुस्तकातच घेतलं होतं. एका लहान मुलीची आजी मरते, असं ते पुस्तक. आजी म्हणून तिने खिडकीतली बाई रंगवली: मोहरी शाल, उंच खुर्ची, मागे दिवा. आणि शेवटच्या पानावर नुसतीच खुर्ची.

पुस्तकावरून प्रकाशनवाल्या बाईंशी रोज फोनवर कुस्ती चालू होती.

"अहो, 'मेली' हा शब्द फार टोचतो हो. 'देवाघरी गेली' करू या ना."

"मग मुलं पत्ता विचारतात."

"बरं, 'झोपली' लिहा."

"मग मुलं झोपायला घाबरतात. बाई, मोठ्यांना गोड वाटावं म्हणून लहानांना फसवायचं, ते मला जमणार नाही."

"आधी वाचून तर दाखवा कुणाला!" बाई वैतागून म्हणायच्या.

ती तर चित्रवालीची पद्धतच होती. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची हाताने शिवलेली कच्ची प्रत ती एका तरी मुलाला वाचून दाखवायची, आणि ते मूल जे म्हणेल ते शेवटचं. तिथे बाईंचंही चालायचं नाही.

इकडे आत्याची कवळी जोडून झाली, पण बसेना. कधी डावीकडे टोचायची, कधी उजवीकडे. चित्रवाली दर दोन दिवसांनी दुकानात. तो कवळी घासायचा, ती स्टुलावर बसून त्याची बोटं बघायची.

"तुमच्या आत्याचा जबडा रोज बदलतो की काय?"

"स्वभाव बदलत नाही ना, मग जबडा बदलतो."

"खरं सांगू? बदलू दे."

"का?"

"असंच..." त्याचं हे 'असंच' तिला आता पाठ झालं होतं. ते ऐकायला म्हणूनच ती प्रश्न विचारायची.

एकदा तो दाराच्या फटीतून येणाऱ्या धुक्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही चालताना मान खाली घालून चालता. मग एका ठिकाणी एकदम वर बघता. तिथे तुमचा चेहराच बदलतो."

"कुठे?"

त्याच्या हातातली कवळी निसटली. "असंच. अंदाज."

त्या दिवशी घरी जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी पाठलाग करत नव्हतं. खिडकीतल्या बाईने तेवढा हात केला.

पुढच्या खेपेला दुकानात एक मुलगी होती. पाळणाघरवाल्या काकूंना ताप आला होता, म्हणून मामाकडेच, म्हणजे कवळीवाल्याकडे, थांबलेली. नाव काही का असेना, मामा तिला मुंगी म्हणायचा, कारण ती कधी एका जागी ठरायची नाही. पुढचा एक दात हलत होता आणि दोन्ही गुडघे सोललेले होते. जुन्या खपलीवर नवी खपली.

"जिन्यात पडते," मामा म्हणाला. "किती सांगितलं, पळू नको. ऐकत नाही."

"पळावंच लागतं," मुंगी गंभीरपणे म्हणाली.

कच्ची प्रत पिशवीत होतीच. चित्रवालीने तिला जवळ बसवलं आणि वाचायला घेतलं.

"आजी मेली. मेली म्हणजे तिचं शरीर थांबलं. आता तिला भूक लागत नाही. थंडी वाजत नाही. आता आजी बोलत नाही, आणि हात हलवत नाही..."

"चुकलंय," मुंगी म्हणाली.

"काय चुकलंय?"

"शेजारचा दादा म्हणाला माझी आई मेली. पण ती हात हलवते. रोज."

मागे मामाचं यंत्र घर्रघर्र करत होतं, ते बंद झालं. फळीवरचे दातसुद्धा ऐकायला थांबल्यासारखे वाटले.

मुंगीने पान उलटलं. मोहरी शालीवर बोट ठेवून ती लख्ख हसली, हलता दात जिभेने पुढे ढकलत. "ही बघ ना! ही माझी आई. ही आमची खिडकी, मागच्या गल्लीतली. तुला पण दिसते ती?"

चित्रवालीला एकदम उमगलं. घर एकच होतं. पुढून दुकान, मागून खिडकी. तिने मामाकडे पाहिलं. तो प्लास्टरसारखा पांढरा पडला होता.

"तुमची बहीण..." तिने विचारलं. "कधी?"

"गेल्या हिवाळ्यात. तुम्ही इथे राहायला यायच्या आधी." मग तो घाईघाईने म्हणाला, "लहान आहे ती. काहीही बोलते."

पण चित्रवाली लहान नव्हती. आणि काल संध्याकाळी त्याच बाईने तिलाही हात केला होता.

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्या रस्त्याने घरी गेली. गाड्या अंगावर आल्या, तिला कळलंसुद्धा नाही.

"आता काय झालं?" आत्याने विचारलं.

"आत्या, मेलेली माणसं हात करतात?"

आत्याने कवळी नीट बसवली. "मेलेल्यांना एवढा वेळ नसतो. कोण करतंय ते जाऊन बघ. आणि हे बघ, कवळी केव्हाच नीट झालीय. मी मुद्दाम टोचतंय म्हणत होते. कुणासाठी, ते तुला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यापेक्षा लवकर गल्लीत गेली आणि एका बंद दाराच्या आडोशाला उभी राहिली. धुकं दाटत होतं. वरची खिडकी अंधारी. मग दिवा लागला. शाल आली. खुर्चीत बसली... अगदी आवाज न करता, जशी सावली बसते.

धुक्यातून काकू आल्या, पोरांची माळ हाताला धरून. माळेतून मुंगीने मान वर केली आणि हात हलवला. वरून हात आला. सावकाश, पाण्याखालून यावा तसा.

"आज पकडणार तुला! थांब आई, जाऊ नको, थांब!" मुंगी ओरडली आणि काकूंचा हात सोडून कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याकडे, पुढच्या दाराकडे सुसाट पळाली.

चित्रवालीचे डोळे भरून आले. म्हणून पळावंच लागतं! रोज हे पोर जिवाच्या आकांताने जिना चढतं, आणि रोज त्याला वाटतं, आपण हळू पळालो म्हणून आई निघून गेली.

पण खिडकीतली शाल उठली नव्हती. मुंगी पळाल्यावर तिने मान वळवली होती, चित्रवाली रोज यायची त्या टोकाकडे. वाट बघत होती. हात अर्धा उचलून तयार होता.

चित्रवालीने हिरवी छत्री उघडली आणि आडोशातून बाहेर आली.

हात वर गेला. शाल मनगटावरून घसरली. आत कोपरापर्यंत दुमडलेली बाही होती.

आतून धाडधाड पावलं वाजली, "आई!" अशी किंकाळी आली, आणि खिडकीतला दिवा पटकन विझला.

ती पळत दुकानाशी पोहोचली तेव्हा मुंगी जिन्याच्या पायथ्याशी बसली होती. गुडघ्यातून रक्त येत होतं, हातात पडलेला दात होता.

"अगदी थोडक्यात सुटली," मुंगी धापा टाकत म्हणाली. "पडले नसते ना, तर आज धरलीच असती."

मामा वरून खाली आला. चित्रवालीकडे त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. मुंगीला गुडघा धुवायला मोरीकडे पाठवून तो जिन्यावरच बसला.

"एकदाच केलं होतं," तो म्हणाला. "मला ताप होता. ताईची शाल घेऊन तिच्या खुर्चीत बसलो होतो. मुंगी खाली गल्लीत आली, वर बघितलं आणि... हसली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मी काय करू? हात केला. दुसऱ्या दिवशी तिने आल्या-आल्या वर बघितलं. मग थांबताच येईना."

"तिला आई गेल्याचं सांगितलंच नाही तुम्ही?"

"दूर गेलीय म्हणालो." त्याने हातावरचं मेण खरवडलं. "माझं कामच ते आहे हो. गेलेल्याच्या जागी हुबेहूब दुसरं बसवायचं. कुणाला फट दिसू द्यायची नाही."

"मग मुंगीचा दात पडला आज. त्याची कवळी कधी करताय?"

"दुधाच्या दाताची करत नाहीत. ती जागा मोकळी ठेवायची असते." बोलता-बोलता तो थबकला. "तिथे नवा दात येतो. इथे काय येणार आहे? सांगा ना!"

चित्रवाली त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण ती पळायची थांबेल."

मोरीतलं पाणी बंद झालं. मग तो हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगा तिला. तुमच्याकडे शब्द आहेत."

"पुस्तक मी वाचेन. पण 'तो मी होतो' हे पुस्तकात नाही. ते तुम्हाला म्हणावं लागेल."

तिघं वर गेली. तिथे ती खुर्ची होती, मागे दिवा, आणि घाईत जमिनीवर पडलेली शाल. इतक्या जवळून ते सगळं अगदी साधं होतं, म्हणून जास्तच भीती वाटणारं. मुंगी मामाच्या मांडीवर बसली. चित्रवालीने वाचलं. या वेळी तिने 'आजी'च्या जागी 'आई' म्हटलं. "आई मेली. आता ती हात हलवत नाही..."

"हलवते!"

"मुंगे," मामा म्हणाला. त्याने खाली वाकून शाल उचलली आणि डोक्यावर घेतली. "तो मी होतो गं."

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं. दुमडलेली बाही पाहिली, वाकडे दात पाहिले. मग दोन्ही मुठींनी तिने त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली, आणि तो नुसता मार खात राहिला. मारता-मारता ती रडायला लागली, आणि रडता-रडता शाल ओढून तिने तोंडावर घेतली. चित्रवालीला उठून जावंसं वाटलं. पण मामाने तिचा हात धरून ठेवला होता. कधी धरला, हे दोघांनाही कळलं नव्हतं.

शेवटी शालीतून आवाज आला.

"मग आता मी हळू चढले तरी चालेल?"

"चालेल," मामा म्हणाला, आणि मग तोच ढसाढसा रडला.

मुंगीने पुस्तकात एक दुरुस्ती सांगितली, आणि तीच शेवटची ठरली. शेवटच्या पानावर खुर्ची रिकामी ठेवायची, पण तिच्या पाठीवर शाल हवी, आणि दिवा चालू हवा. "नाहीतर लोकांना कळणार नाही की तिथे कुणी बसायचं." प्रकाशनवाल्या बाईंनी 'मेली' हा शब्द तसाच ठेवला. त्यांचा नातू म्हणे त्या पानावर बराच वेळ बसून राहिला होता.

त्या रात्रीनंतर चित्रवाली दुकानात गेली नाही. आत्याची कवळी बसली होती. आता काय सांगून जायचं? गल्लीतून जाताना मात्र ती हटकून मान खाली ठेवायची.

एका संध्याकाळी धुकं पुन्हा दाटलं आणि सवयीने तिची मान वर गेली. खिडकीत दिवा होता. खुर्ची होती, पाठीवर शाल होती. कुणी नव्हतं. तिचा हात सवयीने वर गेला आणि तसाच राहिला. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला भीती वाटली नाही, नुसतं आत काहीतरी हललं. कधीही न भेटलेल्या बाईची इतकी आठवण कशी येऊ शकते?

"इकडे," कुणीतरी म्हणालं.

तो गल्लीत उभा होता, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि गंभीरपणे हात हलवत होता.

"एवढ्या जवळून कुणी हात करतं का?" तिने विचारलं.

"लांबून बरेच दिवस केला." त्याने हात खाली घेतला नाही. "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. रोज दोनदा हात व्हायचा त्या खिडकीतून. पहिला ताईचा असायचा, मुंगीसाठी. तो झाला की लगेच उठायला हवं होतं मला, कारण मुंगी जिन्यात असायची. पण मी बसून राहायचो. हिरवी छत्री येईपर्यंत. एखाद्या दिवशी सापडेन हे माहीत असून."

"का?"

"अ..." तो म्हणाला आणि थांबला. या वेळी त्याने 'असंच' गिळून टाकलं. "कारण दुसरा हात माझा होता. त्या खोट्या खिडकीतलं तेवढं एकच खरं होतं."

घरात जिना वाजला. एक-एक पायरी, सावकाश. मग रिकाम्या खुर्चीशेजारी मुंगी आली, खिडकीच्या गजांतून तोंड काढून, मधला दात नसलेलं हसू घेऊन.

"मामा! विचारलंस का रे?"

"विचारतोय!"

"लवकर विचार, थंडी वाजतेय तिला!"

चित्रवालीने हिरवी छत्री उघडली. पाऊस नव्हता, नुसतं धुकं होतं. तरी तिने ती दोघांच्या डोक्यावर धरली, आणि दुसऱ्या हाताने त्याचा तो हवेत राहिलेला हात हळूच खाली घेतला... आणि सोडला नाही.